कुलपाची माहिती कुणाला द्यायची आणि दारात कुणाला अडवायचं

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हुबळीला एक दिवसाचा वर्ग होता, कुलूप-किल्लीच्या कामाचा. नवीन गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्या कशा करायच्या, डिजिटल कुलपं कशी बसवायची, तिजोरीचं लिव्हर अडकलं तर काय करायचं, असं बरंच काही शिकवणार होते. जाहिरातीतच लिहिलेलं की प्रवेश फक्त व्यावसायिकांना, हौशी लोकांनी येऊ नये. मी हौशी आहे. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, लोखंड कापायच्या लेथ मशीनवर काम करतो आणि कुलपं हा माझा वीस-बावीस वर्षांचा नाद, त्यामुळं मला आत घेणार नाहीत हे धरूनच मी गेलो होतो, बाहेर बसायची तयारी ठेवून. गेलो होतो ते चाचांना सोबत म्हणून.

चाचा आमच्या खडेबाजारात फुटपाथवर बसतात, चाळीस वर्षांच्या वर झाली. एक लाकडी पेटी, तिच्या झाकणाला तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, बारका शेगडा, तीन-चार कानशी, वर छत्री. दुकान नाही, बोर्ड नाही. दारातल्या पोरानं त्यांना जीएसटी नंबर विचारला, मग दुकानाचं लायसन्स विचारलं, मग निदान व्हिजिटिंग कार्ड तरी दाखवा म्हणाला, आणि इंग्रजीतला एक फॉर्म पुढं केला. चाचांनी पेटी उघडून दाखवली. त्या पोरानं आत वाकून बघितलंसुद्धा नाही. आमच्या मागं रांगेत एक तरुण होता, त्यानं नवं कोरं कार्ड काढून दिलं आणि तो आत गेला. सकाळी टपरीवर चहा पिताना तोच आम्हाला सांगत होता की दोन महिन्यांपूर्वी किल्ली कापायचं मशीन घेतलंय, अजून हात बसलेला नाही. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, शिकायलाच आला होता बिचारा. पण चाचा बाहेर आणि तो आत, हे मला अजून पचलेलं नाही. परतीच्या बसमध्ये चाचा एवढंच म्हणाले, "मेरेकू अंग्रेजी नहीं आता, वो फारम तू भर के देना था."

फॉर्म भरून दिला असता तरी काही झालं नसतं, कारण जीएसटी नंबर कुठून आणणार? वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्या माणसाला जीएसटीची नोंदणी करावीच लागत नाही, असं कायदाच सांगतो. म्हणजे सरकार ज्याला म्हणतंय की तुला कागदाची गरज नाही, त्यालाच आपण म्हणायचं की कागद नाही म्हणून तू धंदेवाला नाहीस. हा कुठला न्याय?

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण हा वाद फक्त एका वर्गापुरता नाही. कुलुपाच्या कामातली जी आतली माहिती आहे ती फक्त धंद्यातल्या लोकांपुरतीच ठेवायची का, हौशी लोकांना तिथं दार बंद करायचं का, आणि करायचं असेल तर दारात कोण धंदेवाला आणि कोण हौशी हे ठरवायचं कसं? मी हौशी असूनही सांगतो, काही माहितीला दार पाहिजेच. पण आज जे दार बसवलंय ते चुकीच्या खोलीला बसवलंय आणि त्याची किल्ली चुकीच्या माणसाच्या हातात दिलीय.

बंद ठेवावं म्हणणाऱ्यांचं पहिलं बोलणं नेहमीचं, की सगळं उघड केलं तर चोर शिकतील. हे ऐकायला पटतं. पण आपल्याकडचा कुठलाही पेपर उघडा आणि घरफोडीची बातमी वाचा, वाक्य ठरलेलं असतंय, "कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला". कडीकोयंडा! कुलपाला कुणी हातच लावलेला नसतो. कटावणी घातली, कोयंड्याचे दोन स्क्रू चौकटीतून उपसून आले, कुलूप तसंच बंद लोंबकळतंय. मी स्वतः अनगोळातल्या एका ओळखीच्या घरी चोरी झाल्यावर गेलो होतो, कुलूप चांगलं जाडजूड, सात लिव्हरचं, आणि कोयंडा पाऊण इंची स्क्रूवर. मी तो कोयंडा हातात घेऊन बघितला, स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा तसाच अडकलेला. त्या घरमालकाला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं की बाबा, कुलुपावर हजार घालवण्यापेक्षा कोयंडा आरपार बोल्टानं बसव. ही माहिती आहे कुणाकडं? धंदेवाल्यांकडं. आणि ती ‘आतली’ म्हणून ठेवली तर नुकसान चोराचं होत नाही, घरमालकाचं होतंय.

हा वाद काही आजचा नाही. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा म्हणून एक माणूस होता, शेतकऱ्याचा मुलगा, शिकला सुतारकी, आणि १७८४ मध्ये त्यानं कुलपाचं पेटंट घेतलं. पुढं आपल्या दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलं आणि लिहिलं की जो हे उघडेल त्याला दोनशे गिनी, म्हणजे तिकडची सोन्याची नाणी. साठेक वर्षं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा अमेरिकेतून हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला, त्यानं आधी चब कंपनीचं नावाजलेलं डिटेक्टर कुलूप, कुणी चोरून उघडायला गेलं तर मालकाला कळावं असं केलेलं, पंचवीसेक मिनिटांत उघडलं आणि मग ब्रामाचं, पन्नासच्या वर तास काम करून, सोळा दिवसांत. केवढा गहजब झाला. लोक म्हणायला लागले की असली माहिती चारचौघांत सांगणं पाप आहे. हॉब्जचं उत्तर सरळ होतं, चोरांना त्यांच्या धंद्यातलं आपल्यापेक्षा जास्तच कळतंय, कळत नाही ते पैसे देऊन कुलूप घेणाऱ्याला. त्यातून झालं काय, तर कुलपं सुधारली.

ब्रामाबद्दल मला एवढी आपुलकी का, तर मी बेळगावचा लेथवाला आहे म्हणून. त्याच्या कुलुपाचे बारीक भाग हातानं एकसारखे होईनात, म्हणून त्यानं हेन्री मॉड्स्ले नावाच्या एका तरुण लोहाराला कामाला घेतलं. काचेतलं ते कुलूप मॉड्स्लेनंच घडवलेलं. त्या कुलपांसाठी हत्यारं आणि मशीनं बनवता बनवता त्याचा हात असा तयार झाला की पुढं स्वतःचं वर्कशॉप काढल्यावर त्यानं आटे कापायचा जो लेथ केला, त्याच्या वंशातल्या मशीनवर मी रोज आठ तास उभा असतो. आणि ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं, आज बेळगावचं नाव देशभर हायड्रॉलिक्ससाठी घेतलं जातंय, उद्यमबाग आणि मच्छेत किती घरांची चूल त्याच्यावर चालते ते मोजायला नको. म्हणजे बघा, एक सुतार कुलपात घुसला. त्या काळच्या कुलूपवाल्यांनी त्याला दारात उभं करून विचारलं असतं की तू या धंद्यातला का, तर त्याला नाही म्हणावं लागलं असतं.

इतकं लांब कशाला जायचं, मिरजेला चला, इथून रेल्वेनं. तिथली सतार आणि तानपुरा, दोघांना २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे ही वस्तू याच गावची अशी सरकारी ओळख. बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रं घडवणारी, पाजवणारी माणसं. तलवारींची मागणी संपत आली तसं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी तुंबा आणि तारा हातात घेतल्या. वाद्याच्या कामात तेव्हा ते नवखेच की! आमचे चाचाही शिकलगारच, त्यांच्या आज्याचा धंदा विळे आणि सुऱ्या पाजवायचा, कुलपात आले ते त्यांचे वडील. आपल्या भागात कसब असंच एका कामातून दुसऱ्या कामात सरकत आलेलं आहे. दार घट्ट लावलं की ते सरकणं थांबतं.

चोरापेक्षा मला जास्त वजनदार वाटतो तो दुसरा मुद्दा, पोटाचा. हौशी माणसाला पगार दुसरीकडून मिळतोय, तो मजा म्हणून शिकणार आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काम फुकटात करणार, मग छत्रीखाली बसलेल्यानं काय करायचं? याला माझ्याकडं पटकन उत्तर नाही, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका काकूंचं दार आतून लॅच पडून बंद झालं, गॅसवर दूध ठेवलेलं, मी जाऊन पाच मिनिटांत उघडून दिलं. त्यात चूक नाही. पण नंतर लोक मला बोलवायलाच लागले, आणि मीही जायला लागलो, कौतुक होतंय, बरं वाटतंय, पैसे घेत नव्हतो. एक दिवस चाचांकडं बसलो असताना सहज बोलून गेलो की काल टिळकवाडीत एका बंगल्याचं कपाट उघडून दिलं. चाचा कानस मारत होते, थांबले. म्हणाले, "वो घरवाले मेरे गिऱ्हाईक हैं, बीस साल से." परत कानस मारायला लागले. त्या दिवसापासून मी बाहेरचं एक कुलूप उघडलेलं नाही. कुणी बोलावलं तर चाचांचा नंबर देतो, चाचा नसतील तर त्यांच्या भाच्याचा. दूध उतू जात असेल तर गोष्ट वेगळी.

जर्मनीत, हॉलंडमध्ये, अमेरिकेत हौशी कुलूपवाल्यांची मंडळं आहेत, त्यांचा एक नियम सगळीकडं सारखा आहे, जे कुलूप तुझं नाही त्याला हात लावायचा नाही आणि जे दाराला वापरात आहे तेही उघडत बसायचं नाही. मी त्याला आपल्याकडचा एक नियम जोडेन, की हौशी माणसानं बाजारातलं काम घ्यायचं नाही, फुकट तर अजिबात नाही. हे पाळलं की पोटाच्या प्रश्नातली निम्मी धग जाईल असं मला वाटतं. उरलेली निम्मी जाणार नाही, ती कबूल केली पाहिजे. पण ती धग हौशी लोकांच्यामुळं कमी आणि जिथं पाच मिनिटांत किल्ली कापून मिळते त्या मशीनमुळं जास्त आहे, आणि त्या मशीनला कुठल्या दारात कुणी अडवलेलं नाही.

मग दार कशाला पाहिजे? माझा हिशोब असा आहे की ज्या माहितीनं तिसऱ्याच माणसाच्या घराचं किंवा गाडीचं नुकसान होऊ शकतंय आणि त्या माणसाला स्वतःला त्यावर काही उपाय करता येत नाही, ती माहिती बंद ठेवा. गाडीच्या किल्लीचे कोड, ज्यावरून त्या गाडीची नवी किल्ली करता येते, हे ठळक उदाहरण. अमेरिकेत हे कोड पाहिजे असतील तर त्या किल्लीवाल्याची आधी नोंदणी लागते, त्याची पार्श्वभूमी तपासतात, आणि कुठल्या गाडीसाठी कोड काढला त्याची नोंद राहते. हे मला शंभर टक्के पटतं. एखाद्या हॉस्टेलची किंवा दवाखान्याची मास्टर किल्लीची, म्हणजे सगळ्या खोल्या उघडणाऱ्या एकाच किल्लीची, यादी, कुठल्या बँकेत कुठलं तिजोरीचं मॉडेल आहे, हे मला कुणी सांगितलं तरी मी ऐकणार नाही, माझं तिथं काय काम.

पण कुलूप चालतं कसं, त्याचं दुबळं अंग कुठलं, ही माहिती दडवणं म्हणजे गिऱ्हाइकाला आंधळं ठेवणं. २००३ साली मॅट ब्लेझ नावाच्या अमेरिकन संशोधकानं दाखवून दिलं की ज्या इमारतीत मास्टर किल्लीची पद्धत आहे तिथल्या एका साध्या खोलीची किल्ली आणि तिचं कुलूप हाताशी असलं तरी मास्टर किल्ली काढता येते. तिकडचे किल्लीवाले त्याच्यावर चिडले. का, तर म्हणे हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत होतं, बोलायचं नसतं. मला ते वाचून राग आला होता. तुम्हाला माहीत होतं, तर पैसे मोजून ती पद्धत बसवून घेणाऱ्या हॉस्टेलवाल्याला का सांगितलं नाही? सायकलच्या गोल किल्लीच्या कुलपाचं तेच झालं, साध्या बॉलपेनच्या नळीनं ते उघडतंय हे १९९२ मध्येच ब्रिटनमधल्या एका सायकल मासिकात आलेलं, कुणी लक्ष दिलं नाही, २००४ मध्ये लोकांनी व्हिडिओ टाकले तेव्हा क्रिप्टोनाइट कंपनीला लाखांच्या घरात कुलपं बदलून द्यावी लागली. मधली बारा वर्षं ज्यांच्या सायकली गेल्या त्यांनी काय पाप केलं होतं?

राहिला प्रश्न दारात कुणाला ओळखायचं कसं, आणि इथं आपल्या भागाचा विचार वेगळा करायला लागतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडं कसबी माणूस तीन भाषांत काम करतो आणि एकाही भाषेत फॉर्म भरत नाही. चाचांकडं गिऱ्हाईक येतं, कन्नड बोलणारा म्हणतो "कीली" आणि त्याला म्हणायचं असतं कुलूप, मराठी बोलणारा म्हणतो "किल्ली" आणि त्याला पाहिजे असते चावी. चाचा नुसतं माणसाच्या तोंडाकडं बघतात आणि बरोबर वस्तू काढतात. कन्नडमध्ये किल्लीला कीलीकै म्हणतात, म्हणजे कुलपाचा हात, हे मला त्यांनीच सांगितलं. असा माणूस इंग्रजी फॉर्मपुढं अडाणी ठरतो. मराठीत फॉर्म द्या म्हटलं तर तो आणखी वेगळ्या वादात जातो, कन्नडमध्ये दिला तर आमची अर्धी माणसं अडतात, आणि तसंही चाचांना यातलं काहीच वाचता येत नाही. फॉर्म कुठल्या भाषेत पाहिजे यावर आपण इथं जन्म घालवू, पण या कामाला फॉर्म लागतोच कशाला?

केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत, जी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, अठरा हातकामांची यादी आहे, त्यात कुलूपवाला आहे, शस्त्र घडवणाराही आहे. तिथं पहिली तपासणी होते ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत, म्हणजे जिथं माणसाला ओळखतात तिथं. त्या योजनेत इतर काय कमी-जास्त असेल ते असो, ही एक गोष्ट बरोबर केलीय की या माणसाचं काम खरं का खोटं हे आधी त्याच्या गावाला विचारा. कुलूपवाल्यांना हे करणं काय अवघड आहे? खडेबाजारात जाऊन कुठल्याही भांडीवाल्याला, कापडवाल्याला विचारा, चाचा कोण आहेत. चाळीस वर्षांत शटरं अडकली, गल्ले अडकले, कुणाला बोलावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन दुकानदारांनी सांगितलं की हा आमचा माणूस, तर ते त्या कार्डापेक्षा शंभर पटीनं खात्रीचं आहे, कारण कार्ड छापायला तासभर लागतोय आणि ती ओळख व्हायला चाळीस वर्षं.

आणि उद्यमबागेत तर याच्याही पुढची पद्धत आहे. मी आयटीआय करून पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा मालकानं माझं सर्टिफिकेट हातात घेतलं आणि न बघता टेबलावर ठेवलं. एक बार दिला, एक ड्रॉइंग दिलं, म्हणाला ट्रायल दे. मी टूल बांधलं, फेसिंग केलं, स्टेप काढली, मालकानं मायक्रोमीटर लावला आणि विचारलं, उद्यापासून येतोस? माझ्या आधी एकजण आला होता, त्याच्याकडं माझ्यापेक्षा भारी कागद होते, त्यानं चक, म्हणजे लोखंड धरून फिरणारा भाग, आवळायची किल्ली त्यातच विसरून मशीन चालू करायला हात घातला, त्याला तिथंच थांबवलं. ही ट्रायल इथं बहुतेक शॉपमध्ये घेतात आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसते, ना शिकलेल्याची ना अडाण्याची, ना मराठीची ना कन्नडची.

त्या दिवशी हुबळीहून परत आल्यावर चाचा घरी गेले नाहीत, सरळ खडेबाजारात आले. एक बाई वाट बघत होती, ट्रंकेचं कुलूप घेऊन, किल्ली हरवलेली. चाचांनी कोरी किल्ली घेतली, मेणबत्तीच्या धुरावर काळी केली, कुलुपात घालून हलकी फिरवली, बाहेर काढली, डोळ्यापाशी धरली. काजळीवर नखाएवढी चकाकी दिसत होती. तिथं कानशीचे दोन हात, परत धूर, परत आत. मी घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटांत कुलूप खट्कन उघडलं. ज्या कुणाला असला वर्ग भरवायचाय आणि हौशी लोक नको आहेत, त्यांनी खुशाल नको म्हणावं, मी बाहेर बसेन. फक्त दारात फॉर्म ठेवण्याऐवजी एक शेगडा ठेवा, एक जुनं कुलूप, एक कोरी किल्ली आणि एक कानस. रांगेतल्या प्रत्येकाला पंधरा मिनिटं द्या आणि मग कुणाला आत घ्यायचं ते ठरवा.